चाळीसावर अडलेला समुद्र

"लोकांना पाणी आठवलं नाही पाहिजे. आठवलं, म्हणजे समजायचं आपलं काहीतरी चुकलं."

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी हे सांगितलं, तेव्हा समोर उभ्या असलेल्या पोराच्या हातात रिकाम्या बाटल्यांची पेटी होती आणि ओठांवर नुकती मिसरूड फुटत होती. साहेब पुढे गेले, प्रयोगशाळेची इमारतही पाडून नवी झाली, पण तो खर्जातला आवाज त्या पोराच्या कानात एकोणचाळीस वर्षं ठिबकत राहिला. सायकलला पेटी अडकवून दारोदारच्या नळाचं पाणी बाटलीत धरणारा माणूस म्हणून सगळी गल्ली त्याला नमुनेकाका म्हणू लागली. काही जण हे नाव वेगळ्या अर्थानंही घेत, पण ते काकांची सायकल वळणाआड गेल्यावर.

काकांनी जन्मभर एकच वाक्य लिहिलं: 'पाणी पिण्यास योग्य.' खाली तारीख आणि लपेटदार सही. घरात कुणी नळ सोडला, की काका नुसते धारेकडे बघत. शेतकऱ्यानं डोलणाऱ्या पिकाकडे बघावं, तसं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना काचेची दोनशे लिटरची रिकामी टाकी भेट दिली. "घरीसुद्धा पाण्याकडेच बघत बसा," असं कुणीतरी म्हणालं आणि काकांनी ते मनावर घेतलं. मात्र गोड्या पाण्याचे मासे ठेवायला ते तयार होईनात. "गोडं पाणी उभा जन्म पाहिलं. आता खारं बघतो," असं त्यांनी जाहीर केलं. मुलगा जहाजावर नोकरीला होता, वर्षातून सहा महिने लाटांवर असे. "पोरगं समुद्रात, तर समुद्र घरात," काका म्हणाले. काकूंनी टाकीखालची जागा पुसून दिली. सुनेनं तिचं लिहायचं टेबल खिडकीतून उचलून बेडरूममध्ये नेलं. अशा रीतीनं बैठकीच्या खोलीत समुद्र आला.

मागच्या गॅलरीत सत्तर लिटरचं निळं पिंप आलं. त्यात काका नळाचं पाणी भरून ठेवत, दुसऱ्या दिवशी त्यात मोजून समुद्री मीठ ढवळत आणि मग ते टाकीत जाई. पाण्यात जिवाणू रुजावेत म्हणून टाकी दीड महिना नुसतीच मुरली. मग केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी आली आणि पाठीवर घर घेऊन हिंडणारा एक खेकडा आला. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं होतं. फक्त एक आकडा हलत नव्हता.

"मासे खाणार, मग घाण करणार. त्या घाणीचं जिवाणू दुसरं काहीतरी करणार, त्याचं आणखी तिसरं करणार, आणि शेवटी जे उरतं ते नायट्रेट," काकांनी एका सकाळी समजावून सांगितलं.

"म्हणजे घरकामासारखंच," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचं सगळं करून झालं की शेवटी जे उरतं ते."

काका रोज परीक्षा घेत. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, पूड टाकायची, मिनिटभर जोरात हलवायचं आणि पाच मिनिटं थांबून नळी पांढऱ्या कागदापुढे धरायची. पिवळं आलं तर पाणी निर्मळ, नारिंगी आलं तर जपून, लाल आलं तर जास्त. काकांच्या नळीत रोज लाल येई. वहीत रोज चाळीस.

आणि चाळीसनं त्यांची वाट अडवली होती. माशांच्या दुकानात एक प्रवाळ होतं. अंगठ्याएवढ्या दगडावर हिरवी हिरवी बोटं, आणि पाणी हललं की ती बोटं कुणाला तरी 'ये, ये' म्हणावं तशी हलायची. काका पहिल्यांदा त्याच्यापुढे उभे राहिले ते अर्धा तास हललेच नाहीत.

"हे मला द्या," ते दुकानाच्या मालकीणबाईंना म्हणाले.

"नायट्रेट किती आहे?"

"चाळीस."

"मग नाही देणार. वर्षभर वाढवलंय मी त्याला. दहाच्या खाली आणा आणि खुशाल घेऊन जा." बाईंनी दगडाखाली चिठ्ठी लावली, 'काकांचं', आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

काका घरी आले ते लग्न ठरलेल्या पण तारीख न मिळालेल्या माणसासारखे.

पहिला संशय गेला खाण्यावर. "या घरात माशांना चोरून कोण घालतंय?" त्यांनी जेवताना विचारलं.

"बाबा, मी माणसांना वेळेवर वाढते हेच पुष्कळ झालं," सून म्हणाली.

तरी खाण्याची डबी कपाटात गेली आणि किल्ली काकांच्या खिशात. मासे बारीक झाले. काचेशी येऊन ते जेवणाऱ्या माणसांकडे असे एकटक बघत, की काकूंना घास गिळवेना. आकडा चाळीसच.

मग पाणी बदलणं सुरू झालं. आधी आठवड्याला पाचवा हिस्सा, मग तिसरा, मग आठवड्यातून दोनदा तिसरा. जुनं पाणी बादल्यांनी बाहेर, पिंपातलं नवं पाणी आत. चाळीस.

"काढतो तेवढंच परत येतंय," काका नळी उजेडात धरून म्हणाले. "आगंतुक पाहुण्यासारखं."

"पाहुणा निदान कधीतरी घरी जातो," सून आत जाता जाता म्हणाली.

तिसरा संशय वाळूवर. एका रविवारी काकांनी टाकीतली सगळी वाळू न्हाणीघरात नेली आणि नळाच्या धारेखाली मूठमूठ धुतली. तेवढा वेळ मासे कुठे ठेवायचे, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात. सुनेनं स्वयंपाकाला लागायचं म्हणून पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि हळूच झाकण परत ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "आजचा बेत अजून जिवंत आहे."

पुढचे दोन दिवस न्हाणीघरात पाय ठेवला की वाळू बोचत होती. समुद्रकाठचा हवाबदल म्हणून चालवून घ्यायचं असं सासू-सुनेनं ठरवलं. आकड्याला मात्र हवा मानवली नाही.

मग काकांनी कुठेतरी वाचलं, की व्हिनेगरचे थोडे थेंब घातले तर जिवाणू ते खाऊन वाढतात आणि वाढताना नायट्रेटही फस्त करतात. स्वयंपाकघरातली बाटली गायब झाली.

"अहो, मासे मुरवायला घेतलेत का?" काकूंनी विचारलं.

"थेंबाथेंबानं घालायचं असतं, मला कळतं. माझं आयुष्य थेंब मोजण्यात गेलंय."

आयुष्य गेलं होतं हे खरं, पण त्या दिवशी जहाजावरून मुलाचा फोन आला आणि बोलता बोलता काकांचे थेंब मोजायचे राहिले. दुपारपर्यंत टाकी दुधासारखी पांढरी झाली. जिवाणू वाढले होते, फार वाढले होते, आणि पाण्यातली हवा तेच पिऊन टाकत होते. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. टाकीचा पंप अपुरा पडतोय हे पाहून काकांनी सायकलचा हवा भरायचा पंप आणला, त्याला नळी जोडली आणि दणादण हवा मारायला घेतली. त्यांचा खांदा भरून आल्यावर सुनेनं पंप घेतला, तिच्याकडून काकूंनी. त्या दुपारी कुणी बेल वाजवली असती, तर घाम पुसत समुद्रात हवा भरणारी एक म्हातारी बाई त्याला दिसली असती. सुदैवानं कुणी आलं नाही. मासे जगले, संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं.

काकांनी नळी भरली, हलवली, धरली. मग वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. चाळीस.

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन दुकानात गेले. सोबत काकूही होत्या, कारण रात्रभर काकांना झोप नव्हती आणि रस्ता ओलांडताना ते हल्ली आकाशाकडे बघत. बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. असा नेटका माणूस त्यांनी उभ्या धंद्यात पाहिला नव्हता.

"काका, सगळं केलंत तुम्ही. एकच विचारायचं राहिलं. मीठ कालवायला पाणी कुठलं घेता?"

"नळाचं."

"तेच म्हणतेय मी. नळाच्या पाण्यात मुळातच—"

काकांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी पाकिटातून खात्याचं जुनं ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. फोटोत मिशा काळ्या होत्या.

"या पाण्यावर एकोणचाळीस वर्षं माझी सही आहे," ते म्हणाले.

"मी वाईट नाही म्हणत हो. एकदा तपासून तर बघा नळाचं. चार थेंबांचं काम."

"आईच्या दुधाला कुणी दर्जा विचारतं का?"

काका प्रवाळाकडे बघायला गेले तशा बाई काउंटरवरून वाकल्या. "काकू, ते जितकं पाणी काढतात तितकं नायट्रेट नळातून परत ओततात. शुद्ध केलेलं पाणी हवं. यंत्रातून काढलेलं. मिळेल का कुठे?"

काकूंनी आधी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "मिळेल," त्या म्हणाल्या. "मिळायचा प्रश्न नाही."

कारण तसलं यंत्र काकूंकडे अकरा वर्षांपासून होतं.

अकरा वर्षांपूर्वी काकूंना मूतखडा झाला होता. डॉक्टरांनी घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवा म्हणून सांगितलं. काकांना ते सांगितल्यावर ते पाच मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नळाचं पाणी तू कमी पितेस, म्हणून खडा झाला." घरात यंत्र येणं म्हणजे त्या लपेटदार सहीवर काट मारणं, हे काकूंना त्या पाच मिनिटांत कळलं. त्यांनी यंत्राचं नाव पुन्हा काढलं नाही. भावाकडून ते आणवलं आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला ठोकून घेतलं. शिंपीणबाईंना फुकट पाणी, काकूंना रोज शिवणाच्या पिशवीतून एक कॅन. घरी येऊन तो पिण्याच्या पाण्याच्या तोटीच्या भांड्यात रिकामा करायचा. सून लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिलाही हे गुपित कळलं. अकरा वर्षं काकू रोज खाली 'मापं द्यायला' जात होत्या आणि एवढी मापं देऊन अंगावर नवा कपडा का दिसत नाही, असं काकांनी कधी विचारलं नव्हतं.

शिंपीणबाईंना बोलता बोलता यमकं जुळवायची सवय. मशीन चालवता चालवता त्या म्हणत:

"राजा साऱ्या पाण्याचा, गावभर त्याची शान,
राणी येते चोरपावली, तिला शिंपिणीकडे तहान."

"हळू म्हणा," काकू कॅन भरता भरता दटावत. पण मनातून त्यांना ते आवडायचं.

आता मात्र कॅनभर पाण्यानं भागणार नव्हतं. पिंप सत्तर लिटरचं होतं आणि काका आठवड्यातून दोनदा पाणी बदलत. म्हणजे पाच लिटरचे चौदा कॅन, दोनदा, एक जिना चढून. आणि नवऱ्याचा पाण्यावरचा विश्वास जसा होता तसाच राहायला हवा होता. मासे वाचवायला त्या विश्वासाला ओरखडा काढायचा, हे काकूंना मंजूर नव्हतं. त्यांनी सुनेला विचारलं.

"करू की," सून म्हणाली. "नाहीतर परत पंप मारावा लागेल."

काका सकाळी वाचनालयात जात. तेवढ्या वेळात गॅलरीतलं पिंप न्हाणीघरात ओतायचं आणि खालून आणलेल्या पाण्यानं भरायचं. पहिल्या दिवशी बारा कॅन चढले. तेरावा-चौदावा घेऊन सून जिन्यात असताना काका वर्तमानपत्र न मिळाल्यानं लवकर परत आले.

"हे काय?" त्यांनी तिच्या दोन्ही हातांतल्या कॅनकडे बोट केलं.

"व्यायाम, बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय. पाठीसाठी."

"पाण्याचा व्यायाम. उत्तम." काका खूश झाले. "पण गुडघ्यात वाक. आणि एकदम दोन-दोन पायऱ्या नको."

इथपर्यंत ठीक होतं. पण काकांना आता सुनेच्या पाठीची काळजी लागली. पुढच्या खेपेला ते जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकूनच बसले. सून रिकामे कॅन घेऊन खाली निघाली, तर त्यांनी अडवलं.

"रिकामे डबे उचलून कसला व्यायाम? आण इकडे." त्यांनी दोन्ही कॅन नळावर काठोकाठ भरून तिच्या हातात दिले. "जाताना वजन, येताना वजन. तरच पाठ सुधारते."

बिचारी सून नळाचं दहा लिटर पाणी घेऊन खाली जायची, शिंपीणबाईंच्या मोरीत ओतायची, यंत्राचं दहा लिटर भरून वर यायची. वर खुर्चीत काका खेपा मोजत. "सहा. शाबास. अजून एक." काका चहाला आत गेले, की काकू कॅन पिंपात रिकामे करत.

"आई," तिसऱ्या आठवड्यात सून म्हणाली, "मजा म्हणजे पाठ खरंच दुखायची थांबलीय."

पण खरी मजा वहीत चालली होती. चाळीसचे पस्तीस झाले. काकांनी तीनदा नळी धुऊन पुन्हा पाहिलं. मग सत्तावीस. मग अठरा. त्या दिवशी काकांनी जेवताना दोनदा वाढून घेतलं आणि खाण्याच्या डबीची किल्ली स्वतःहून टेबलावर ठेवली. बारा. आणि एका मंगळवारी सकाळी, खिडकीतून तिरपं ऊन येत असताना, नळीत कोवळ्या उन्हाच्याच रंगाचं पाणी उभं राहिलं. आठ.

"कशानं झालं हो?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं. चेहरा असा ठेवला, की भाजीलाही संशय येऊ नये.

"धीरानं," काका म्हणाले. "लोक घाबरून नळाचं पाणी सोडतात. मी पाण्यावर विश्वास ठेवला."

प्रवाळ घरी आलं. मालकीणबाईंनी वहीतला आठाचा आकडा पाहिला, काकूंकडे पाहिलं आणि चिठ्ठी काढून दगड काकांच्या हवाली केला. टाकीत ठेवल्यावर तासाभरानं त्या हिरव्या बोटांनी आळोखेपिळोखे दिले आणि ती उलगडली. काका खुर्चीत, काकू खुर्चीच्या हातावर, सून दारात. घरात समुद्र नुसता गुणगुणत होता.

गोष्ट इथे संपती, तर सगळ्यांचंच भलं होतं. पण पाण्याचं आणि आनंदाचं एकच. उतार मिळाला की थांबत नाही.

काका रोज दुकानात जाऊ लागले. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ते प्रवाळाचा फोटो दाखवत आणि म्हणत, "साधं नळाचं पाणी. बाकी सगळी थेरं." ओळखपत्र खिशात असेच. गणिताचे एक निवृत्त मास्तर तर इतके भारावले, की त्यांनी पुढच्या रविवारी आपली मोठी टाकी रिकामी करून नळाच्या पाण्यानं भरायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी मालकीणबाईंचा काकूंना फोन आला.

"काकू, मास्तरांकडे माझी सगळी प्रवाळं आहेत. पंधरा तरी असतील. उद्या सकाळी ते नळाला पाइप लावणार आहेत. मी सांगितलं तर ऐकत नाहीत, म्हणतात, काकांनी सिद्ध केलंय. आता तुम्ही सांगता का मी येऊ?"

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "आज सांगते."

फोन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. काय सांगायचं, हे जमवायला त्यांना थोडा वेळ हवा होता. तेवढ्यात बैठकीतून काकांची हाक आली.

"अगं, जरा इकडे ये."

झालं होतं असं, की मास्तर काटेकोर माणूस. त्यांनी काकांकडून दुकानात लावायला एक लेखी दाखला मागितला होता: टाकीतलं नायट्रेट किती, नळातलं किती. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दाखला देणं हे त्यांचं कामच. आणि दाखल्यात आकडा लिहायचा तर मोजल्याशिवाय कसा लिहिणार, म्हणून घरातल्या नळाचं पाणी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीत घेतलं.

काकू बैठकीत आल्या. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता आणि त्यावर पाच नळ्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीपुढे काकांच्या कचेरीतल्या अक्षरातली चिठ्ठी. स्वयंपाकघर, नळ. न्हाणीघर, नळ. गॅलरी, नळ. पिंप. तोटीचं भांडं. पहिल्या तीन लालभडक होत्या. शेवटच्या दोन फिकट पिवळ्या.

काका खुर्चीत ताठ बसले होते. चष्मा कपाळावर.

"प्रत्येक तीनदा केला," ते म्हणाले. "हे नळ. चाळीस, चाळीस, अडतीस. माणसाला चालतं. मर्यादेच्या आत आहे, माझी सही खोटी नव्हती."

"मी कधी खोटी म्हटली?"

"पण टाकीला चालत नाही. ती बाई बरोबर बोलत होती." त्यांनी चौथ्या नळीवर बोट ठेवलं. "आता हे पिंप. हे मी नळावर भरतो. आणि यात शून्य."

"तुम्ही भरता ते आम्ही ओतून देतो," काकू म्हणाल्या. "परत मी आणि सूनबाई भरतो. खालून, शिंपीणबाईंकडून आणून."

काकांनी मान डोलावली. एखादा अवघड हिशेब जुळल्यावर डोलवावी तशी, सावकाश. "म्हणजे तो व्यायाम."

"हो."

"मीच मोजत बसायचो."

"हो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. सून दाराआड उभी असावी.

काकांनी शेवटची नळी उचलली. "आणि हे? हे तर पिण्याचं भांडं. यात ना मासे, ना प्रवाळ. मग हे पिवळं का?"

काकू समोरच्या खुर्चीत बसल्या. जमवलेलं सगळं विसरून त्यांनी सरळ सांगून टाकलं. मूतखडा, डॉक्टर, भावानं आणलेलं यंत्र, शिवणाची पिशवी. "अकरा वर्षं झाली. तुम्ही त्या दिवशी पाच मिनिटं गप्प बसलात ना, ती पाच मिनिटं मला पुन्हा नको होती. म्हणून नाही सांगितलं."

काकांनी नळी जागेवर ठेवली, अगदी चिठ्ठीच्या मधोमध. मग उठले आणि फोनकडे गेले. काकूंना वाटलं, आता पाच नाही, पन्नास मिनिटं. पण काका नंबर फिरवत होते.

"मास्तर, उद्या पाइप लावू नका," ते फोनवर म्हणाले. "नळाचं पाणी माणसांसाठी आहे, प्रवाळांसाठी नाही. नाही, मी आत्ता तपासलं. हो, चूक माझी. आधी तपासायला हवं होतं, ते केलं नाही. दाखला देतो ना, खरा देतो. उद्या घेऊन येतो."

ते परत येऊन बसले. टाकीत केशरी मासा प्रवाळाच्या बोटांमध्ये शिरून पुन्हा बाहेर आला.

"मी ऑफिसला न्यायचो ती बाटली?" त्यांनी विचारलं.

"त्यातलीच."

"सगळ्या खात्यात घरून पाणी आणणारा मी एकटा. लोक हसायचे. पाणीवाल्यानं पाणी बांधून न्यायचं."

"मग का न्यायचात? तिथे तर नळच नळ."

काकांनी चष्मा कपाळावरून काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, काचा स्वच्छ असून.

"ऑफिसचं पाणी आणि घरचं पाणी एकाच पाइपातलं," ते म्हणाले. "माझ्याच सहीचं. तरी घरचं गोड लागायचं. दोनदा मी ती बाटली तपासायला काढली आणि दोन्ही वेळा झाकण लावून परत ठेवली. म्हटलं, राहू दे. हे काही मोजायचं नसतं." चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तुला कधी बोललो नाही. पण मला अकरा वर्षं वाटत होतं, ती गोडी तुझ्या हाताची आहे."